कुशाग्र सभेचा हुरडा

वच्छलाचं लग्न पंचाहत्तर सालच्या वैशाखात झालं, आणि तिचा बाप कुंडलिक रूपनवर डोक्यानं मंद आहे ही गोष्ट सोलापूरच्या बाळीवेशीतल्या सगळ्या लोकांना त्याच दिवशी सकाळी कर्ण्यावरून कळली.

तसा त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. मंगळसूत्राची डबी हरवू नये म्हणून कुंडलिकनं ती लोखंडी ट्रंकेत ठेवली. किल्ली हरवू नये म्हणून तीही डबीच्या शेजारीच ठेवली. मग ट्रंकेला कोणी हात लावू नये म्हणून खटक्याचं कुलूप दाबलं, आणि आपण किती काळजी घेतो या समाधानात पाहुण्यांना अत्तर लावायला गेला. अक्षता पडल्या. भटजींनी मंगळसूत्र मागितलं. कुंडलिक ट्रंकेकडं गेला आणि बराच वेळ नुसता ट्रंकेकडं बघत उभा राहिला. शेवटी बँडमधल्या ढोलवाल्यानं वरवंट्यानं कुलूप फोडलं.

एव्हाना बार्शीच्या व्याह्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. त्या मोडायला कुंडलिकचे वडील पुढं झाले. जोतीराम आबा माळशिरसचे, आयुष्य शेतात आणि मेंढरांमागं गेलेलं, बोलणं सरळ. ते व्याह्यांसमोर उभे राहिले ते नेमके मंगलाष्टकांच्या माइकपुढं. म्हणाले, "पावनं, मनाला लावून घेऊ नगा. आमचा कुंडलिक डोक्यानं जरा मंद हाय, पर खोटं न्हाय बोलायचा कंदी."

कर्णा लिंबावर बांधलेला होता आणि त्याचं तोंड रस्त्याकडं होतं.

व्याही हसले, लग्न पार पडलं, मुलगी सुखानं नांदायला गेली. वाक्य मात्र बाळीवेशीतच राहिलं. लोकांनी कुंडलिकला चिडवलं असतं तर बरं झालं असतं. चिडवणाऱ्याला उत्तर देता येतं. पण लोक त्याच्याशी प्रेमानं वागू लागले. वाणी सुटे पैसे हातावर ठेवताना सावकाश मोजून दाखवू लागला. न्हावी मोठ्यांदा बोलू लागला. कुंडलिक म्हणजे सरकारी कचेरीतला वरिष्ठ कारकून, ज्याच्या शेऱ्यापुढं कंत्राटदार हात जोडून उभे राहत, त्याला दूधवाला रोज सांगू लागला, "आज सोमवार बरं का, साहेब."

आणि वाक्याचा दुसरा अर्धा भाग कुणाच्याच लक्षात राहिला नव्हता. त्या वेळी माइकपुढून कुणीतरी आबांना बाजूला ओढलं होतं, त्यामुळं ‘मंद हाय’ रस्त्यापर्यंत गेलं आणि ‘खोटं न्हाय बोलायचा’ मांडवातच राहिलं.

अशा मनःस्थितीत कुंडलिकच्या हाती ती बातमी पडली. साहेबांच्या टेबलावरचं इंग्रजी वर्तमानपत्र हुद्द्याच्या क्रमानं खाली येत येत दुपारी वरिष्ठ कारकुनापर्यंत पोचे. तिथून ते शिपायाकडं जाई आणि शिपायाकडून भज्यांकडं. त्यात आतल्या पानावर छापलं होतं, की जगातल्या अतिहुशार माणसांची एक संस्था विलायतेत निघाली असून तिची राष्ट्रीय शाखा पुण्यात आहे. आकृत्यांची एक परीक्षा असते. शंभरात दोघंच तिच्यात बसतात. जे बसतात त्यांना प्रमाणपत्र आणि कोटाला लावायचा बिल्ला मिळतो.

कुंडलिककडं कोट नव्हता. पण बिल्ला सदऱ्यालाही लावता येतो. त्याच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं: बिल्ला लावून माळशिरसला जायचं, आबांच्या समोर घोंगडीवर बसायचं आणि काही बोलायचं नाही. आबाच विचारतील, ‘ह्ये काय लावलंस?’ मग सांगायचं.

बायकोला, सारजाला, त्यानं हे सांगितलं. ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बिल्ला आला की माझ्याजवळ द्या. तुम्ही ट्रंकेत ठेवू नका."

पुण्याहून उत्तर लवकर आलं. परीक्षेला पुण्यास यावे. किंवा वीसेक उमेदवार जमत असल्यास परीक्षक सोलापुरास येतील. पुण्याला जाऊन आपण हुशार आहोत का असं विचारणं कुंडलिकला धोक्याचं वाटलं. तिथं परीक्षा न घेताही उत्तर देतात. त्यापेक्षा वीस माणसं जमवणं सोपं.

कचेरीतला टंकलेखक त्रिंबक शिवशरण हा त्याचा मित्र. तो तयार झाला, म्हणाला, "आपण हुशार आहोत हे मला ठाऊकच आहे, पण साहेबांना लेखी कळवायला बरं." संस्थेच्या लांबलचक इंग्रजी नावाचं त्यानं मराठी केलं ‘कुशाग्र सभा’, आणि तेच पुढं रूढ झालं.

मग कुंडलिक शेजारच्या गुरुसिद्धप्पांकडं गेला. गुरुसिद्धप्पा मूळचे दुधनीचे, सोलापुरात त्यांची भुसार मालाची आडत. आडतीत रोज पन्नास माणसं येत, त्यामुळं वीस माणसं त्यांनी मनावर घेतलं तर दुपारपर्यंत जमणार होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अध्यक्ष कोण हो?"

कुंडलिकनं समजावलं की अध्यक्ष कुणी नाही, ही फक्त परीक्षा आहे.

"परीक्षा होईल की. आधी अध्यक्ष ठरवा."

इथं थोडं थांबून सांगायला हवं, की आमच्या सोलापुरात कोणतंही काम कार्यकारिणीशिवाय सुरू होत नाही. काम नसलं तरी चालतं. माणूस एकटा असला तर तो विचार करतो, दोघं असले तर भांडतात आणि तिघं जमले की एक अध्यक्ष होतो. त्याप्रमाणं रविवारी आडतीच्या गादीवर सभा भरली. गुरुसिद्धप्पा अध्यक्ष झाले. तिघं रुसले, ते उपाध्यक्ष झाले. सभेला एक पैसाही जमवायचा नव्हता तरी खजिनदार नेमला, कारण खजिनदार नसलेल्या संस्थेवर लोकांचा विश्वास बसत नाही. टाइपरायटर हाताशी असल्यामुळं त्रिंबक सरचिटणीस झाला. उरलेल्यांना सदस्य म्हणवून घेणं कमीपणाचं वाटलं, म्हणून ते सगळे सल्लागार झाले. कुंडलिक चहा सांगायला खाली गेला होता. तो वर येईपर्यंत पदं संपली होती. मग एका सल्लागाराच्या सूचनेवरून त्याला ‘संस्थापक’ करण्यात आलं, म्हणजे ज्याचं पुढं काही काम नसतं तो.

परीक्षा पदाधिकाऱ्यांना ऐच्छिक असावी, असा ठराव एका उपाध्यक्षानं मांडला. त्रिंबकनं तो टाइप करायला नकार दिला म्हणून तो बारगळला. पण पदाधिकाऱ्यांचा सत्कार झालाच. शाली आल्या, नारळ आले, फोटो निघाला. गुरुसिद्धप्पांनी आडतीवर पाटी लावली: ‘अध्यक्ष, कुशाग्र सभा, सोलापूर शाखा’. म्हणजे एकानंही परीक्षा दिलेली नव्हती, पण शाखा निघाली होती, तिचे हार सुकले होते आणि दुसऱ्या एका पेठेत फुटीर शाखा काढायची बोलणी सुरू झाली होती.

पाटी वाचून इमामसाब आले.

इमामसाब हे साध्या कपड्यातले हवालदार. साधे कपडे ते रोज तेच घालत, त्यामुळं सगळं गाव त्यांना ओळखत असे. आणीबाणीचे दिवस होते. चार माणसं एका जागी बसली की ती का बसली हे लिहून वर पाठवायचं, असं त्यांचं काम. ते कुंडलिकच्या घरी आले, सारजानं दिलेला चहा प्याले आणि सभा काय करते असं त्यांनी विचारलं.

"काही नाही," कुंडलिक म्हणाला.

"हुशार लोक जमतात म्हणे."

"जमतात."

"जमून?"

"काही नाही. एकमेकांना भेटतात."

इमामसाबनी बशी खाली ठेवली. "रूपनवर साहेब, येडे लोक जमून काही करत नाहीत, ते मला समजतं. हुशार लोकां जमको कुछ नै करते, ये मैं उप्पर कैसा लिखूं, बोलो."

याचं उत्तर पुण्याच्या संस्थेकडंही नसावं.

मग परवानगीचा अर्ज. तो कोणत्या कचेरीत केला ते सांगण्यात अर्थ नाही. तिथल्या कारकुनानं विचारलं, कार्यक्रम कोणत्या सदरात बसतो? धार्मिक, सांस्कृतिक, की क्रीडा? हुशारीला सदर नव्हतं. क्रीडा लिहिलं तर मैदानाचा दाखला लागत होता, सांस्कृतिक लिहिलं तर गाण्यांची यादी, आणि धार्मिक लिहिलं तर देव कोणता ते. कुंडलिकला राग आला नाही. उलट एका जाणकारानं दुसऱ्या जाणकाराची तान ऐकावी तसा तो ऐकत राहिला. बावीस-तेवीस वर्षं त्यानं स्वतः लोकांना असंच परत पाठवलं होतं, पण इतक्या सफाईनं त्यालाही कधी जमलं नव्हतं.

वाट दाखवली ती इमामसाबनीच. तेही माणूसच होते, आणि सारजाच्या चहाला जागत होते. म्हणाले, "हुरडा खायला जावा की. हुरड्याला परवानगी लागत नाही. हुरडा खाऊन आजपत्तर कुणी सरकार पाडलेलं नाही."

गुरुसिद्धप्पांचं शेत मैंदर्गीला होतं. जोंधळा भरात आला होता. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उतरली की पुढच्या रविवारी आडतीच्या ट्रकमधून सगळ्यांनी जायचं, वरवर हुरडा, आतून परीक्षा, असं ठरलं. इमामसाबही येणार होते, सरकारतर्फे.

आदल्या दिवशी आबा आले. आपला कुंडलिक कसलासा संस्थापक झाला, हे व्याह्यांकडून माळशिरसला कळलं होतं. खांद्यावर पोतं होतं आणि पोत्यात सुरती जोंधळ्याची कणसं. मैंदर्गीच्या जोंधळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कुंडलिकला धडकी भरली आणि आनंदही झाला. बिल्ला घेऊन माळशिरसला जायचं राहू दे. आता आबांच्या डोळ्यांदेखतच काय ते होणार होतं.

पुण्याचे परीक्षक परचुरे सकाळच्या गाडीनं उतरले. अंगानं काटकुळे, कोटाला बिल्ला, हातात कागदपत्रांची पेटी, गळ्यात दोरीनं अडकवलेलं स्टॉपवॉच. ट्रकच्या पुढच्या बैठकीवर बसताना त्यांनी वेळापत्रक वाचून दाखवलं: पोचताच परीक्षा, चाळीस मिनिटं, त्यानंतर अल्पोपाहार, दुपारपूर्वी परत. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडं मान डोलावणं म्हणजे ऐकू आलं, एवढंच.

शेतावर आगटी पेटली होती. आबांनी तिच्यातल्या गोवऱ्या एकदा हलवून बघितल्या, गुरुसिद्धप्पांच्या गड्याला बाजूला केलं आणि स्वतः बसले. परचुरे पेटी उघडू लागले तसे म्हणाले, "पावनं, आदी खावा. कागुद काय पळून जातोय व्हय?"

परचुऱ्यांनी नियम सांगितला. आबांनी त्यांच्या तळहातावर हुरडा ठेवला. गरम, हिरवा, वाफेचा. शेजारी गुरुसिद्धप्पांच्या बायकोनं, चंद्रव्वानं, शेंगाचटणी ठेवली, गूळ ठेवला, दही ठेवलं. परचुरे म्हणाले, "चवीपुरता घेतो."

हुरडा चवीपुरता खाता येत नाही. भाकरी संपलेली दिसते, भात संपलेला दिसतो. हुरडा चोळणारा समोर बसलेला असेपर्यंत हुरडा संपत नसतो. रिकामा हात दिसला की तो भरायचा, हे चोळणाऱ्याचं काम. आणि भरलेला हात रिकामा करायचा, हे पाहुण्याचं. आबा चोळत होते. माळशिरसचा जोंधळा झाला, मग तुलनेसाठी मैंदर्गीचा झाला, मग नक्की ठरेना म्हणून पुन्हा माळशिरसचा झाला. परचुरे आधी नको म्हणत होते, मग नुसती मान हलवत होते, मग तेही हलवेनात. तेवढ्यात चंद्रव्वानं जेवणाची ताटं मांडली, कारण हुरडा म्हणजे काही जेवण नव्हे. कडक भाकरी, भरली वांगी, शेंगाच्या पोळ्या. न जेवता पाहुणा उठला तर शेताला दोष लागतो, असं गुरुसिद्धप्पांनी सांगितलं. हा दोष त्यांनी त्याच वेळी शोधून काढला असावा.

परीक्षा सुरू झाली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. चिंचेखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. परचुऱ्यांनी जड आवाजात नियम सांगितले: बोलायचं नाही, बघायचं नाही, मी थांबा म्हटलं की पेन्सिली खाली. त्यांनी स्टॉपवॉचचा खटका दाबला, ते चिंचेच्या बुंध्याला टेकले आणि झोपले. घड्याळ पोटावर होतं. ते सावकाश वर जाऊ लागलं आणि खाली येऊ लागलं.

कुंडलिकनं कागद बघितला. प्रत्येक प्रश्नात आठ आकृत्या, नववी शोधायची. पहिले चार-पाच प्रश्न जमले. मग गोल, त्रिकोण आणि रेघा एकमेकांत मिसळू लागल्या. एक गोल तर भाकरीसारखाच दिसत होता. तो घाबरला, मागं गेला, पुन्हा पुढं आला. मनगटावरच्या घड्याळात चाळीस मिनिटं भरली तेव्हा त्याचा अर्धाही कागद झाला नव्हता.

त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि इकडंतिकडं बघितलं. कुणीच थांबलं नव्हतं. परचुऱ्यांकडं बोट दाखवून त्यानं गुरुसिद्धप्पांना खूण केली. गुरुसिद्धप्पा कुजबुजले, "घरचं अन्न खाऊन झोपलाय हो. यजमानानं कसं उठवायचं?"

यात लबाडी होती असं म्हणवत नाही. जेवून झोपलेल्या पाहुण्याला उठवत नाहीत, हे आमच्याकडं पोराटोरांनाही शिकवलेलं असतं. जावयाची गाडी चुकली तरी उठवत नाहीत. कुंडलिकनं इमामसाबकडं पाहिलं. ते बांधावर तोंडावर रुमाल टाकून आडवे झाले होते. म्हणजे कायदाही झोपलेला होता.

मग कुणीतरी शेजाऱ्याच्या कागदात डोकावलं. शेजाऱ्यानं माणुसकीनं कागद जरा वळवला. थोड्या वेळात डोकी दोन-दोन करून जवळ आली, मग चार-चार, आणि सल्लागारांनी नेमणूक झाल्यापासून पहिल्यांदा सल्ला दिला.

कुंडलिक कुणाकडं गेला नाही. पण पेन्सिल त्यानं पुन्हा उचलली. आता घाई नव्हती. वारा होता, आगटीचा धूर होता, पलीकडं आबा खोकत होते. तो एका आकृतीकडं ट्रंकेकडं बघितलं होतं तसा बराच वेळ बघत राहिला, आणि ती आकृती हळूच वळली. म्हणजे रेघा फिरत होत्या, त्रिकोण एकाआड एक घर सोडत होता. मग पुढची उलगडली. मग त्याच्या पुढची. एकेक आकृती उघडत गेली आणि शेवटची झाली तेव्हा त्याला चक्क हसू आलं. सगळा कागद त्यानं सोडवला होता, स्वतःच्या डोक्यानं.

चिंचेची सावली सरकली आणि परचुऱ्यांच्या तोंडावर ऊन आलं. ते दचकून उठले, त्यांनी स्टॉपवॉच बघितलं. त्या घड्याळाचा काटा तास भरला की पुन्हा पहिल्यापासून फिरायला लागे. तो फिरून फिरून आला होता आणि त्या क्षणी चाळिशीच्या जरा अलीकडं होता.

"शेवटची दोन मिनिटं," परचुरे म्हणाले.

सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि लिहिल्यासारखं केलं.

कागद गोळा झाले. परचुरे चाळू लागले. एक बघितला, दुसरा बघितला, चष्मा पुसला, तिसरा बघितला. त्यांचा चेहरा बदलत गेला. एकही रकाना रिकामा नव्हता. ते उभे राहिले आणि म्हणाले, की राष्ट्रीय शाखेच्या इतिहासात एका गावातून, एका शेतातून, एवढे कागद पूर्ण झालेले त्यांनी पाहिले नाहीत. सोलापूरकडं आपलं सर्वांचं दुर्लक्ष झालं. गुरुसिद्धप्पांनी आधीच नम्रपणे मान झुकवली.

बोलता बोलता परचुऱ्यांची नजर सावल्यांकडं गेली. सावल्या लांब झाल्या होत्या. ते थांबले. "चाळीसच मिनिटं झाली ना?"

झाली, झाली, असं सगळ्यांनी सांगितलं. घड्याळं सदऱ्यांच्या बाह्यांत गेली. परचुरे स्वतःच म्हणाले, की मी झोपलो नव्हतो, डोळे मिटून लक्ष ठेवून होतो. हेही सगळ्यांनी पाहिलं होतं. इमामसाब उठून बसले आणि म्हणाले की मीसुद्धा तसाच लक्ष ठेवून होतो.

तेवढ्यात आगटीपाशी आबा उठले. काय चाललंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. पुण्याचा पाहुणा काहीतरी विचारतोय आणि आपल्या पोराला सोडून बाकीचेच बोलतायत, एवढंच त्यांना दिसत होतं. ते हात झटकत पुढं आले.

"पावनं, समद्यास्नी काय इचारता? ह्येला इचारा. आमचा कुंडलिक हाय ह्यो. डोक्यानं जरा मंद हाय, पर खोटं न्हाय बोलायचा कंदी."

गुरुसिद्धप्पा मान बारीक बारीक हलवू लागले. त्रिंबक आपल्या पेन्सिलीचं टोक तपासत होता. परचुऱ्यांच्या कोटावरचा बिल्ला उन्हात चमकत होता, आणि तसलाच एक आता कुंडलिकला मिळण्यात काही अडचण नव्हती. एक ‘हो’ म्हणायचं होतं. आबांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खोटा पाडायला तो इथवर आला होता, आणि त्यासाठी आता दुसरा अर्धा खोटा पाडावा लागणार होता. तो अर्धा कुणालाच आठवत नव्हता. फक्त आबांना तो आठवत होता.

"साहेब," कुंडलिक म्हणाला, "तुमच्या घड्याळाचा काटा दोनदा फिरून आलाय. तुम्हाला झोप लागली होती. वेळ संपल्यावरही आम्ही लिहीत होतो. मी पण."

परचुरे ताठ झाले. "मी झोपलो नव्हतो."

"घोरत हुता की," आबा म्हणाले.

परीक्षा रद्द झाली. परचुऱ्यांनी कागद पेटीत घातले आणि पेटीला कुलूप लावलं; किल्ली मात्र खिशात ठेवली, हे कुंडलिकच्या लक्षात आलं. येताना ट्रकमध्ये त्याला मागच्या फळीला टेकून, एकट्याला, बसावं लागलं. गुरुसिद्धप्पांनी तोंड फिरवलं. चंद्रव्वा कानडीत जे बोलली त्याचं मराठी करण्यात अर्थ नाही. उपाध्यक्षांनी संस्थापकाला काढून टाकण्याचा ठराव चालत्या ट्रकमध्येच मंजूर केला. अक्कलकोट मागं पडलं तशी त्रिंबकला जे हसू फुटलं ते सोलापूर येईपर्यंत थांबलं नाही. "रूपनवर," तो म्हणाला, "माझ्या कागदावर मी गुरुसिद्धप्पांची उत्तरं लिहिली, आणि त्यांनी माझी. रद्द झालं ते बरंच झालं, नाहीतर अध्यक्ष मी झालो असतो."

स्टेशनावर परचुरे कुंडलिकला बाजूला घेऊन म्हणाले, की तुम्ही एकटे पुण्याला या, पुन्हा परीक्षा घेऊ. कुंडलिकनं विचारलं, घड्याळ न लावता घेतात का कुठं? परचुऱ्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि नाही म्हणून सांगितलं. आबांनी दिलेली उरलेली कणसं त्यांनी नको नको म्हणत घेतली आणि गाडीत स्वतःच्या जागेवर, शेजारी, खिडकीकडं ठेवली.

घरी आल्यावर आबांनी ओसरीवर बसून पानाला चुना लावता लावता विचारलं, "तुला न्हाई दिला व्हय रं त्यो बिल्ला?"

"न्हाई."

"का?"

कुंडलिकनं चुन्याची डबी मिटून ठेवली. मग म्हणाला, "डोक्यानं कमी पडलो, आबा."

"त्ये मी सांगत हुतोच की," आबा म्हणाले, आणि त्यांनी अर्धं पान तोडून त्याला दिलं.

सारजा आतून ऐकत होती. त्या दिवसापासून घरातल्या ट्रंकेच्या नव्या कुलपाची किल्ली, जी वच्छलाच्या लग्नापासून तिच्या कनवटीला होती, ती पुन्हा कुंडलिकच्या जानव्याच्या जागी असलेल्या काळ्या दोऱ्याला आली.

शेजाऱ्यांचा अबोला महिनाभर टिकला. एके दिवशी आडतीत दोन व्यापाऱ्यांचा वजनावरून तंटा झाला. दोघंही साक्षीदार आणायला निघाले, तेव्हा गुरुसिद्धप्पांनी कुंडलिकच्या घराकडं बोट दाखवलं आणि त्याला बोलावून घेतलं. निकाल लागला, चहा झाला आणि अबोला मोडला. पाटी काही त्यांनी उतरवली नाही. कुशाग्र सभेची सोलापूर शाखा पुढं कैक वर्षं चालली. तिच्यात एकही सदस्य नव्हता, पदाधिकारी सगळे होते, आणि दरवर्षी गड्ड्यानंतरच्या रविवारी तिचा हुरडा होत असे. इमामसाबनी वर लिहून पाठवलं होतं, की सदर इसम जमले, जेवले व झोपले. बुद्धीचा कोणताही प्रकार आढळून आला नाही.

शहात्तरच्या भाद्रपदात वच्छलाच्या मुलाचं बारसं झालं, माहेरी, म्हणजे बाळीवेशीतच. त्याच लिंबावर तोच कर्णा बांधला होता. बार्शीचे व्याही आले होते. पाळण्याचं गाणं संपलं, नाव ठेवून झालं, आणि आबा उठून माइककडं चालू लागले. आता ते काय बोलणार हे सगळ्या मांडवाला ठाऊक होतं. सारजानं नवऱ्याकडं पाहिलं. कुंडलिक कर्ण्याच्या यंत्रापाशीच बसला होता. आबांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "पावनं, आमचा कुंडलिक..."

कुंडलिकनं हात पुढं केला आणि आवाज थोडा वाढवला. या वेळी आबांना मध्येच कुणी ओढलं नाही. सबंध वाक्य रस्त्यापर्यंत गेलं.

जोतीराम रूपनवर अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात, हुरडा भरायच्या आधी, माळशिरसला वारले.